कवटीला नाक नसतं

११ ऑक्टोबर १९६८, शुक्रवार. आज रबरी हातमोज्यांचं काम. आठवडाभरात वापरलेले सगळे हातमोजे फुगवून पाण्यात दाबायचे, बुडबुडा आला की भोक शोधायचं, ठिगळ लावायचं, वाळवायचं, पावडर लावून जोड्या बांधायच्या. हाताखाली दोन शिकाऊ मुली आहेत. त्यांची तोंडं चालतात, माझे हात चालतात आणि डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्यात आज सकाळपासून बनसोडे आहेत.

आमच्या सांगलीच्या रुग्णालयात त्यांना कोणी अहोजाहो करत नसे. मी करत होते असंही नाही. मी करायला लागले तेव्हा ते इथे राहिले नव्हते. काल नर्सिंगच्या परीक्षेची परीक्षक म्हणून साताऱ्याला गेले होते, तिथे ते दिसले. तेव्हापासून मी रागात आहे. राग कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच. यादीत माझंही नाव आहे.

लक्ष्मण बनसोडे आमच्या शस्त्रक्रियागृहातले मदतनीस. पगारपत्रकावर 'वॉर्डबॉय'. चाळिशी उलटलेल्या, दोन मुली लग्नाला आलेल्या माणसाला बॉय म्हणायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. अंगाने शिडशिडीत, बोटं लांब, नखं कातडीपर्यंत कापलेली. विचार करताना अंगठ्याने स्वतःच्या नाकाचा शेंडा वर ढकलायची सवय. बसता-उठता शर्टाची कॉलर नीट करायचे. कॉलर फाटकी असली तरी कडक असायची.

गाव तासगावच्या पलीकडे, चार मैलांवर. गावातली मेलेली जनावरं ओढायचं काम त्यांच्या घराकडे होतं. छप्पन सालानंतर त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली आणि ते काम वस्तीने सोडलं. बनसोडे त्याच्या आधीच गावातून निघाले होते. बारा वर्षं त्यांनी एका मेडिकल कॉलेजच्या विच्छेदनगृहात काढली. तिथल्या प्रेतांना हात लावायला दुसरं कोणी तयार नसे, म्हणून त्यांना ती नोकरी मिळाली. मी एकदा तोंडावर विचारलं, "जनावरं सोडलीस आणि माणसं चालतात होय?" ते म्हणाले, "आवं सिस्टर, तिथं वढायला लावत हुते. हितं बघायला मिळत हुतं."

मी त्यांना ओळखायला लागले ते एका कवटीमुळे. शिकाऊ नर्सेसना शरीररचना शिकवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यासाठी रुग्णालयाने मला एकच पिवळी पडलेली कवटी दिली होती. ती कापडी पिशवीत ठेवायची, तासाला काढायची. मी पुस्तकातलं वाचून दाखवत होते, नाकाची हाडं दोन, इथे जोडलेली, वगैरे. बनसोडे दारात बादली घेऊन उभे होते. म्हणाले, "सिस्टर, हिचं नाक कुठं गेलं?"

मुली हसल्या. मी चिडले. म्हटलं, "हे काय, दिसत नाही?"

"ते भोक हाय. नाक आमी शिजवून टाकलं."

आणि मग त्यांनी सांगितलं. हाडं साफ करायला सोडा घालून मोठ्या पातेल्यात उकळतात. मांस सुटतं, आणि कूर्चाही विरघळते. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर असतं तसलं, वाकवलं तर वाकणारं मऊ हाड. नाकाचा वरचा करंगळीच्या पेराएवढा भागच खऱ्या हाडाचा. खालचं सगळं नाक कूर्चेचं, आणि ते पाण्याबरोबर मोरीत जातं. "पोरं कवटी बघून डॉक्टर हुत्यात," बनसोडे म्हणाले, "आनि जल्मभर नाक हाडाचं हाय म्हनून बसत्यात. लावा बरं, आपापल्या नाकाला हात लावा. वर टणक लागतंय? हाललं न्हाई? ते हाड. आता खाली या. हाललं? ते आमी शिजवलं."

दहा मुली नाक धरून बसल्या होत्या. त्या वर्षी त्या प्रश्नाला दहाही जणींना पूर्ण गुण मिळाले. शाबासकी मला मिळाली. मी ती घेतली.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला एक नाक करून आणून दिलं. नारळाची करवंटी घासून दोन छोटी हाडं केलेली, आणि बाकी सगळं धुऊन पांढऱ्या केलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मचं. ती फिल्म कूर्चेसारखीच लवते आणि सोडली की जागेवर येते. हाडांच्या खाली दोन त्रिकोणी पट्ट्या, त्यांच्याखाली नाकपुड्यांभोवती मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या दोन, आणि मधोमध उभा पडदा. सगळं टाक्यांच्या उरलेल्या दोऱ्याने शिवलेलं. मधल्या पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही मेढ. हिच्यावर सगळी खोप हुबी हाय. हाड मोडलं तर मानूस वरडतंय, डॉक्टर बघतोय, बसवतोय. मेढ कुजली तर चार दिस कुणाला कळत न्हाई. मग खोप बसती."

का कुजते, तेही त्यांनीच सांगितलं. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर जे पातळ आवरण असतं त्याच्यावर ती जगते. मार लागून आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठलं की कूर्चा उपाशी मरते. "तीन दिस. लय झालं तर चार." पुस्तकात हे होतं. चाळीस पानं पुढे, बारीक अक्षरात. मी तोवर वाचलं नव्हतं.

माणसांची नाकं बघण्याचा त्यांना नाद होता. सुंदर, नकटं, चाफेकळी असले शब्द ते वापरत नसत. "हाड लांब, कूर्चा आखूड," एवढंच. एकदा आमचे एक विश्वस्त पाहणीला आले. ते गेल्यावर बनसोडे म्हणाले, "सायबांची मेढ डावीकडं कललीया. घोरत असतील." पुढे एका हळदीकुंकवाला त्यांच्या बाईंना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, पंधरा वर्षं मी माजघरात झोपते."

चहाची गोष्टही सांगायला हवी. स्वयंपाकघरात सगळ्यांचे कप फळीवर असत आणि बनसोड्यांचा एकट्याचा कप बाहेर खिडकीच्या कठड्यावर. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. हुकूम निघाला असता तर फाडता तरी आला असता. बनसोड्यांनी घरून पितळेचा पेला आणला. रोज आमच्या उपकरणांबरोबर वाफेच्या भांड्यात घालून काढायचे आणि त्यातून चहा प्यायचे. आचारीबाई एक दिवस कुजकटपणे म्हणाल्या, "काय रे लक्ष्या, लय सोवळा झालास?" ते म्हणाले, "आवं मावशी, माझा निर्जंतुक हाय. तुमच्या कपांचं तुमी बघा." त्या दिवसापासून मीही माझा कप वाफवून घ्यायला लागले. घाण होतेच. पण कठड्यावरचा तो कप मी उचलून फळीवर ठेवला नाही.

आता मुख्य गोष्ट. एकसष्ट सालची नागपंचमी. बनसोड्यांच्याच गावचे ज्ञानू माळी, हळदीचं रान असलेला खाऊन-पिऊन सुखी माणूस. त्यांची शालन सतरा वर्षांची. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलेलं. पंचमीला पोरींनी लिंबाला झोका बांधला होता. शालन उतरली, बाजूला झाली नाही, आणि मागे गेलेली रिकामी फळी परत येऊन तिच्या नाकावर बसली. दुसऱ्या दिवशी तिला आमच्याकडे आणलं. तोंडाने श्वास घेत होती. नाकाच्या दोन्ही बाजू बंद.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी बाहेरून नाक चाचपलं, एक्स-रे काढायला लावला, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. सूज आहे, उतरेल."

फिल्म घेऊन तिला डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आणणारे बनसोडे. तपासणीचा दिवा त्यांच्याच हातात होता. त्यांनी तिला विचारलं, "बघू का गं बाळ? दुखलं तर हात वर कर." अंगठ्याने नाकाचा शेंडा वर उचलला, दिवा धरला. मग मला हाक मारली आणि कापूस गुंडाळलेली काडी मागितली. मी निर्जंतुक डब्याचं झाकण उघडलं, चिमट्याने काडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना जांभळासारखे दोन फुगे होते. काडीने हलकेच दाबल्यावर ते आत गेले आणि परत वर आले. शालनने हात वर केला नाही. मी तो फुगा माझ्या डोळ्यांनी बघितला. तो काय आहे हे मला ठाऊक होतं. ज्याने शिकवलं तो शेजारी उभा होता.

बनसोडे डॉक्टरांकडे गेले. "सायेब, मधल्या पडद्यात रगत साठलंय. आज चिरून काढलं, दोन्हीकडनं बोळं घातलं, तर मेढ वाचंल."

"फोटोत आहे का?"

"फोटोत कूर्चा येत न्हाई, सायेब."

"फोटोत येत नाही, आणि तुझ्या डोळ्यांत येते?" डॉक्टर आम्हा सगळ्यांकडे बघून हसले. "बादली उचल, लक्ष्या."

त्यांनी बादली उचलली. मी तिथेच होते. मी काय केलं? मी पुढच्या रुग्णाचा कागद काढला.

बनसोडे बादली रिकामी करून आवारात गेले, आणि बैलगाडी जुंपत असलेल्या ज्ञानू माळ्यांना म्हणाले, "आण्णा, घरला नेऊ नगा. आजच्या आज मिरजेला न्या, दुसऱ्या डॉक्टरास्नी दाखवा." ज्ञानू माळी त्यांना गावापासून ओळखत होते. ओळखत होते म्हणूनच ऐकलं नाही. "डॉक्टर हाड चांगलं हाय म्हनतोय, आनि तू मला मिरज दाखवतोस व्हय रं?" गाडी घरी गेली. घरी मिठाच्या पुरचुंडीने शेकलं.

सहाव्या दिवशी शालन तापाने फणफणून आली. नाकातून पू. डॉक्टरांनी चीर दिली, पू काढला, ताप उतरला. नाकही दिवाळीपर्यंत उतरलं. शेंडा आणि वरचं हाड जागेवर, मधला भाग घोड्याच्या खोगिरासारखा खाली. नवऱ्याकडची माणसं येऊन बघून गेली. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. मुलीचा पाय मोडला असता तर थांबले असते. नाक बसलं म्हणजे घराण्याचं काहीतरी बसलं, असा आपल्या लोकांचा हिशेब. त्या पोरीला झोक्याची फळी लागली होती, तिने काही केलं नव्हतं, हे चार माणसांना चार वेळा सांगूनही कळत नाही.

ज्ञानू माळ्यांनी विश्वस्तांकडे अर्ज दिला. चौकशी बसली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "रुग्ण आली तेव्हा फक्त सूज होती. या मदतनिसाने माझ्या परवानगीशिवाय तिच्या नाकात काडी घातली. पू त्यातून झाला." ज्ञानू माळी समोर बसलेले. त्यांची मान हळूहळू बनसोड्यांकडे वळली. डॉक्टर चुकला यावर त्यांचा विश्वास बसायला कष्ट पडत होते. हे त्यांना चटकन पटलं.

दाराशी उभ्या असलेल्या मला पुढे बोलावलं. विश्वस्तांनी विचारलं, "सिस्टर, याने मुलीच्या नाकात काडी घातली का?"

मी म्हटलं, "हो."

"ठीक आहे, जा तुम्ही."

मी गेले. काडी निर्जंतुक डब्यातली होती, मी दिली होती, फुगा आधीच होता, हे मी सांगितलं नाही. मला विचारलं नव्हतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं एवढंच की मुख्य सिस्टरची जागा रिकामी झाली होती आणि ती डॉक्टरांच्या शब्दावर भरायची होती. ती मला मिळाली. आजही मी त्याच जागेवर आहे. मी बाहेर पडताना बनसोडे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी अंगठ्याने नाकाचा शेंडा वर ढकलला आणि कॉलर नीट केली. महिनाअखेर त्यांना काढून टाकलं.

त्रेसष्ट साली पुण्याचे एक सर्जन आले आणि त्यांनी शालनचं नाक उभं केलं. बरगडीची कूर्चा घेऊन, कोरून, नाकात बसवायची होती. शस्त्रक्रियेआधी त्यांना रचना दाखवायला मी ते फिल्मचं नाक पुढे ठेवलं. सर्जन ते बराच वेळ फिरवून बघत राहिले. "हे कोणी केलं?" आमचे डॉक्टर म्हणाले, "इथेच तयार केलंय आम्ही." मी म्हटलं, "बनसोड्यांनी केलंय." सर्जन म्हणाले, "कोण बनसोडे?" डॉक्टर म्हणाले, "होता एक वॉर्डबॉय." आणि विषय बदलला.

बरगडीची कूर्चा एका अंगाने सोलली की न सोललेल्या अंगाकडे वाकते. म्हणून ती दोन्हीकडून सारखी सोलून मधला गाभा घ्यायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा, वाकते का बघायचं, आणि मग बसवायची. हे बनसोड्यांनी मला विच्छेदनगृहातल्या अनुभवावरून सांगितलं होतं. सर्जननी मागण्याआधी मी मिठाच्या पाण्याचं भांडं पुढे केलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही चांगल्या शिकलेल्या दिसता." डॉक्टर मान हलवत होते, जणू त्यांनीच शिकवलं.

शालनचं नाक बरं झालं. जरा जाड, पण सरळ. लग्न मात्र झालं नाही. 'नाक बसवलेली' हे विशेषण ऑपरेशनने निघत नाही.

आणि काल सातारा. परीक्षा संपल्यावर मी ज्या दवाखान्यात उतरले होते त्याच्या मागच्या आवारात गेले. शवघराच्या दारात एक पांढऱ्या केसांचा माणूस दगडी टेबल घासत होता. कॉलर कडक. मी म्हटलं, "बनसोडे."

त्यांनी बघितलं. "आवं, सिस्टर. बऱ्या हाय का?" हात पुसले, मला बसायला स्टूल काढून दिलं, आणि स्वतः उभे राहिले. मी बसले नाही. गावी जाता का विचारलं.

"आई गेली तवा गेल्तो. माती दिली आनि परत आलो." ते साध्या आवाजात बोलत होते, बाजारभाव सांगावा तसे. "चावडीवर दोघं-तिघं म्हातारे बसलेले. एक दुसऱ्याला म्हनाला, ह्योच तो. माळ्याच्या पोरीचं नाक कुजवलेला. तर दुसरा म्हनतोय, ह्यांचा हात लागला की कुजनारच." मग म्हणाले, "नोकरीचं काय न्हाई. नोकरी गेली, दुसरी लागली. डॉक्टरचं बी काय न्हाई. पर हे हात मी दिसातनं धा वेळा धुतो, सिस्टर."

मला वाटलं आता ते मला काहीतरी म्हणतील. म्हणायला हवं होतं. त्यांनी फक्त एक विचारलं.

"ती काडी कुठल्या डब्यातली हुती, तुमच्या ध्यानात हाय का?"

"आहे. निर्जंतुक. मीच दिली."

"मग झालं," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच तसं वाटतंय का काय." आणि फडकं पिळून टेबलाकडे वळले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. वाकली नव्हती. मी निघाले तेव्हा ते टेबलाची कड घासत होते, जिथे कोणी बघत नाही ती खालची बाजू.

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी मी रजेचा अर्ज टाकला, तासगावची पहिली एस.टी. पकडली आणि पुढचे चार मैल एका गुऱ्हाळाकडे निघालेल्या गाडीतून गेले. ज्ञानू माळ्यांच्या ओसरीवर शालन शिवणयंत्रावर बसली होती. तिने मला ओळखलं. ज्ञानूअण्णा बाहेर आले, "या, बसा, च्या टाक गं," म्हणाले. मी म्हटलं, "आधी ऐका, चहाचं नंतर बघू." आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. फुगा काडीच्या आधी होता, पहिल्याच दिवशी, मी बघितला. काडी स्वच्छ होती, मी दिली. चिरायला हवं हे एकट्या बनसोड्यांनी सांगितलं, आधी डॉक्टरांना, मग तुम्हाला. दोघांनीही ऐकलं नाही. आणि मला माहीत असून मी गप्प बसले.

ज्ञानूअण्णा खांबाला धरून खाली बसले.

शालनने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मी सांगितलं हुतं आण्णांस्नी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्या मानसानं दुखीवलं न्हाई, त्यानं इचारून बघितलं, असं. तवाच सांगितलं. सगळी म्हनली, तुला काय कळतंय."

मी ज्ञानूअण्णांना उठवलं. म्हटलं, "चला. चावडीवर म्हातारे बसले असतील. तिथे मला हे सगळं परत एकदा मोठ्याने सांगायचंय, आणि तुम्ही शेजारी उभं राहायचंय." त्यांनी पटका शोधायला सुरुवात केली. शालन आमच्या आधी पायरी उतरली होती.